आरआर वारंवार जळतोय: तिसरा घालण्याआधी काय मोजायचं?

खानापूर_पाऊस

सिंगल सिलिंडर, लिक्विड कूल, फ्युएल इंजेक्शनची गाडी. वापर खानापूर, जांबोटी, कणकुंबी ह्या पट्ट्यात, पावसाळ्यातही रोजचा. ह्या मॉडेलचा रेग्युलेटर-रेक्टिफायर (आरआर, इंजिनवर तयार होणारी एसी वीज डीसी करून ठरावीक व्होल्टेजला बॅटरीला देणारा भाग) जातो हे जुनं दुखणं आहे, सगळ्यांना ठाऊक आहे. एक बदलून झाला. आता परत तीच लक्षणं: सकाळी सेल्फ मारला की टक टक होऊन गप्प, घड्याळ शून्यावर, रेस दिली की हेडलाइट उजळतो आणि सोडली की मंदावतो. मेस्त्री म्हणतात तिसरा घाला. पैसे घालायच्या आधी नेमकं काय तपासावं, तेवढं सांगा की. साधा डिजिटल मल्टीमीटर आहे. आरआरला पोचणाऱ्या पाच वायरी दिसतात: तीन पिवळ्या, एक लाल, एक अर्थ.

तीन_पिवळ्या

तिसरा आणू नका अजून. आधी मोजा, आणि सांगतो त्याच क्रमाने मोजा, कारण पहिलं चुकलं तर पुढचे आकडे फसवतात.

पहिली बॅटरी. रात्रभर चार्जरवर लावा, काढून तीन-चार तास तशीच ठेवा, मग मोजा. मेंटेनन्स-फ्री बॅटरीला १२.७ ते १२.८ व्होल्ट पाहिजेत. १२.४ च्या खाली राहत असेल तर बॅटरी थकली. सेल्फ मारताना मीटर लावून ठेवा, ९.५ च्या खाली पडता कामा नये. बॅटरीच मेलेली असेल तर चार्जिंगचे पुढचे सगळे आकडे खोटे येतील, म्हणून हे आधी.

दुसरं चार्जिंग. इंजिन गरम करून बॅटरीच्या टर्मिनलवर मोजा, आयडलला आणि ५००० आरपीएमला. ५००० ला १३.८ ते १४.५ मिळालं पाहिजे. १५ च्या वर गेलं तर गाडी तिथल्या तिथे बंद करा. आरआरचं नियंत्रण गेलंय, बॅटरी फुगते आणि ईसीयूचं (इंजिन चालवणाऱ्या कंप्युटरचं) काही खरं नाही. १३ च्या आसपास अडकलं तर दोष आरआरचा असू शकतो, स्टेटरचा (इंजिनमधल्या वीज तयार करणाऱ्या कॉइलचा, तीन पिवळ्या तिथूनच येतात) असू शकतो, जॉइंटचाही असू शकतो. इथंच बहुतेक ठिकाणी घाईने आरआर बदलला जातो.

तिसरं, जे गॅरेजात क्वचित कुणी मोजतं: व्होल्टेज ड्रॉप. मीटर डीसी व्होल्टवर. एक टोक आरआरच्या प्लगमागून लाल वायरीच्या टर्मिनलला, दुसरं बॅटरीच्या प्लसला. इंजिन ५००० ला, हेडलाइट चालू. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर मधे कुठेतरी रोध आहे. मग आरआरच्या अर्थ वायरीपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत तसंच. हे दोन आकडे इथे लिहा.

अर्थ वायर कुठली हे कंपनीनुसार बदलतं. होंडाला हिरवी, बजाज-कावासाकीला काळी-पिवळी, सुझुकीला काळी-पांढरी, यामाहाला काळी, केटीएमला तपकिरी.

आणि एक गोष्ट कधीही करू नका. इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढून 'चार्जिंग आहे का' बघायची जुनी रीत बऱ्याच गॅरेजात अजून आहे. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीला ते खपून गेलं असेल. इंजेक्शनच्या गाडीत बॅटरी हटली की व्होल्टेज उसळतं आणि ईसीयू जाऊ शकतो.

उद्यमबाग_वाइंडिंग

स्टेटर पण बघून घ्या. इंजिन बंद, पिवळ्या वायरींचा प्लग सोडा, स्टेटरकडच्या बाजूला ओहम मोजा: १-२, २-३, १-३. बहुतेक गाड्यांत ०.२ ते १ ओहमच्या दरम्यान येतं, नेमकी मर्यादा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असते. तिन्ही सारखे असणं महत्त्वाचं. स्वस्त मीटरची स्वतःचीच वायर ०.२-०.३ ओहम दाखवते. आधी दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून तो आकडा घ्या आणि वजा करा. हे न करता 'स्टेटर गेला' म्हणून चांगली कॉइल सोडवलेली असते.

मग प्रत्येक पिवळी ते इंजिनची बॉडी. इथे मीटरने काहीच दाखवता कामा नये. हे थंड असताना एकदा आणि वीस मिनिटं चालवून गरम झाल्यावर लगेच एकदा करा. वार्निशला गेलेला तडा थंड असताना मिटलेला असतो, तांबं गरम होऊन फुगलं की बॉडीला चिकटतो. फक्त थंड टेस्ट केली तर असा स्टेटर पास होतो.

शेवटी प्लग सोडलेलाच ठेवून इंजिन चालू करा, मीटर एसीवर, पिवळ्या जोडीजोडीने. ५००० ला साधारण ५० व्होल्टच्या वर, तिन्ही जोड्या जवळजवळ सारख्या. हात सांभाळून, उघड्या टोकांना झटका बसतो.

स्टेटर गेलाच असेल तर रिवाइंडिंग बेळगावात होतं, पण पंपाची मोटर बांधणाऱ्याला देताना तीन गोष्टी स्पष्ट सांगा. जुनी तार मायक्रोमीटरने मोजून तीच जाडी. तेवढेच वेढे, त्याच दिशेने. तार दुहेरी कोटिंगची, २०० अंशाच्या वर्गातली. पंपाला चालणारी साधी इनॅमलची तार इंजिन ऑइलच्या उष्णतेत टिकत नाही. वार्निश नुसतं ओतून वाळवायचं नाही, भट्टीत भाजायचं. कव्हर लावताना गॅस्केट नवी घाला आणि वायरींचा रबर बूच खाचेत नीट बसलाय बघा, नाहीतर तिथून ऑइल झिरपून प्लगपर्यंत चढतं.

निपाणी_हायवे

आरआर का जळतो हे कळल्याशिवाय दहा बदलले तरी उपयोग नाही. ह्या गाड्यांत शंट प्रकारचा आरआर असतो. मॅग्नेट फिरतोय तोवर स्टेटर पूर्ण ताकदीने करंट देत राहतो. गाडीला लागतो तेवढा वापरला जातो, उरलेला आरआर परत स्टेटरमध्येच शॉर्ट करून जिरवतो. त्या जिरवण्यात आरआर तापतो, स्टेटरही तापतो. म्हणजे हायवेवर ७००० आरपीएमला, सगळे लाइट बंद असताना त्याच्यावर सर्वांत जास्त ताण असतो. हॅलोजन काढून एलईडी टाकला की लोड कमी झाला म्हणून आनंद होतो, पण शंट आरआरला तेवढं जास्त जिरवावं लागतं.

मग येतो वारा. पुष्कळ मॉडेलांत आरआर टाकीखाली, सीटखाली किंवा रेडिएटरच्या आडोशाला असतो. नोव्हेंबरपासून वंटमुरी घाटात, तवंदी घाटात उसाच्या ट्रॉल्यांमागे पहिल्या-दुसऱ्या गिअरवर चढताना वारा नाही, रेडिएटरचा गरम झोत मात्र थेट अंगावर. खानापूरच्या लाल चिखलाचा थर फिन्सवर (आरआरच्या अंगावरच्या, उष्णता बाहेर टाकणाऱ्या पट्ट्यांवर) बसलेला असेल तर बघायलाच नको. ब्रशने फिन्सच्या तळापर्यंत साफ करा. वरून पुसलेलं पुरत नाही, माती खाचेतच वाळून बसते.

जमत असेल तर जागा बदला: वारा लागेल अशी, सायलेन्सरपासून लांब, अॅल्युमिनिअमच्या ५ मिमी पट्टीवर, मधे थर्मल पेस्टचा पातळ हात. प्लगचं तोंड खाली ठेवा.

खानापूर_पाऊस

आकडे घेतले.

बॅटरी रात्रभर चार्ज करून १२.७, सेल्फला १०.४.
चार्जिंग आयडलला १२.७, ५००० ला १३.०.
लाल बाजूचा ड्रॉप ०.२. अर्थ बाजूचा ०.९.
स्टेटर तिन्ही ०.५, बॉडीला काही नाही, गरम असतानाही नाही.
एसी ५४, ५४, ५३.

तीन_पिवळ्या

बेरीज करा. बॅटरीवर १३.०, लालमध्ये गेले ०.२, अर्थमध्ये गेले ०.९. म्हणजे आरआरच्या स्वतःच्या टोकांवर १४.१ आहेत. तुमचा आरआर चांगला आहे. तो स्वतःच्या टोकांवर व्होल्टेज बघतो, तिथे १४.१ दिसलं की त्याचं काम झालं. मधल्या वाटेत १.१ व्होल्ट गळतात त्याची त्याला खबर नाही.

अर्थची वायर शोधा. आरआरपासून निघून ती फ्रेमच्या एका बोल्टखाली गोल टर्मिनलने बसलेली असेल. त्या बोल्टखालचा पेंट खरवडलेला नसतो, पाऊस लागला की हिरवट-पांढरी पूड धरते. बोल्ट काढा, फ्रेमचा उघडा धातू दिसेपर्यंत पॉलिश पेपर मारा, गोल टर्मिनल नवं क्रिंप करा (टूलने वायरीवर दाबून बसवा). एवढ्यावर थांबू नका. आरआरच्या अर्थपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत ४ स्क्वेअर मिमीची वेगळी वायर थेट टाका.

आता दुसरी गोष्ट. एसी ५४-५४-५३ आलं म्हणून पिवळ्यांचा प्लग चांगला आहे असं धरू नका. ते प्लग सोडून मोजलंय, त्यातून करंटच गेला नाही. प्लगच्या दोन्ही बाजू उघडून जवळून बघा. तीनपैकी एका खाचेभोवती पांढरं प्लॅस्टिक तपकिरी झालंय का, आतली पितळी पट्टी निळसर-काळी दिसते का, बोटाने वायर वाकवल्यावर इन्सुलेशन काडीसारखं कडक लागतं का. ह्यातलं एक जरी दिसलं तरी तो जॉइंट गेलेला आहे.

हिशोब सांगतो. जॉइंटमध्ये फक्त ०.१ ओहम रोध आला आणि १२ अँपियर वाहतायत, तर तिथे १.२ व्होल्ट पडतात आणि १४ वॅटची उष्णता तयार होते. २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नच्या अर्ध्याहून जास्त, नखाएवढ्या प्लॅस्टिकच्या खाचेत, सतत. तापल्याने पट्टीचा ताण जातो, पकड ढिली होते, रोध आणखी वाढतो. एक फेज (तीनपैकी एका पिवळीची वाट) सुटत गेली की उरलेल्या दोन फेजवर भार येतो, आणि आरआरच्या आतले त्याच बाजूचे भाग आधी मरतात. तुमचा पहिला आरआर ह्याच वाटेने गेला असणार. नवा आरआर जुन्याच भाजक्या प्लगमध्ये खुपसला की तो त्याच वाटेला लागतो.

खानापूर_पाऊस

बघितलं. मधली खाच तपकिरी आहे, प्लग ओढताना पट्टी प्लॅस्टिकसकट बाहेर आली. अर्थचा बोल्ट हिरवा. आता जॉइंट करायचा कसा, सोल्डर मारू का?

उद्यमबाग_वाइंडिंग

सोल्डर नको. कथील १८३ अंशाला वितळतं, बिघडलेला जॉइंट तिथपर्यंत जाऊ शकतो. शिवाय कथील वायरीच्या तारांमधे वर चढतं, तेवढा भाग कडक होतो आणि हादऱ्याने बरोबर त्याच्या कडेला तुटतो.

क्रिंप करा. आधी वायर मागे मागे कापत जा, आतलं तांबं लखलखीत दिसेपर्यंत. काळं पडलेल्या तांब्यावर कितीही दाबलं तरी संपर्क होत नाही. अशाने वायर आखूड पडते, म्हणून २.५ किंवा ४ स्क्वेअर मिमीचा तुकडा हाताशी ठेवा. घरच्या वायरिंगची वायर नको, ऑटोची बारीक तारांची घ्या. घरगुती पीव्हीसी ७० अंशाच्या हिशोबाची असते, इंजिनजवळ ती मऊ पडते.

पिवळ्यांना क्रम नाही, कुठलीही कुठल्याही पिवळीला चालते. त्यामुळे प्लग काढून टाकून थेट बट-क्रिंपने जोडल्या तरी हरकत नाही. पुढे आरआर बदलताना कापाव्या लागतील एवढाच तोटा. प्लगच हवा असेल तर सील असलेला वॉटरप्रूफ घ्या, पट्टी किमान ६.३ मिमी रुंद. क्रिंपिंग टूल पाहिजेच, पकडीने दाबलेला जॉइंट दिसतो घट्ट पण आतून पोकळ असतो. दाबल्यावर जोर लावून ओढून बघा, निसटला तर रस्त्यात निसटण्यापेक्षा बरं. वरून आत गोंद असलेली हीट-श्रिंक नळी. तिन्ही जॉइंट एकाच जागी येऊ देऊ नका, दोन-तीन सेंटिमीटर पुढेमागे ठेवा म्हणजे गाठ जाड होत नाही आणि एकमेकांना घासत नाहीत.

डायइलेक्ट्रिक ग्रीस प्लगच्या रबर सीलला लावा. ते वीज वाहून नेत नाही, पाणी अडवतं. आणि वॉटर सर्व्हिसिंगला दिली तर प्रेशरचा पाइप आरआरच्या प्लगवर धरू देऊ नका. पावसाने जेवढं पाणी आत जात नाही तेवढं त्या एका झोताने जातं.

चोर्ला_धुकं

ह्याच संदर्भात विचारतो. जुलैत कणकुंबीच्या पुढे चोर्ल्यात धुकं एवढं की फॉग लाइटशिवाय जमत नाही. वर कुणीतरी म्हटलं की लोड वाढला तर शंट आरआरला बरं. मग ४० वॅटचे दोन लावले तर फायदाच का?

तीन_पिवळ्या

हायवेच्या रेसला तसं म्हणता येईल, घाटात नाही. तुमच्या गाडीचा आल्टरनेटर (मॅग्नेट आणि स्टेटर मिळून) २३० वॅटचा धरू. तो आकडा ५००० च्या आसपासचा असतो, आयडलला त्याच्या निम्म्याच्याही खाली. पेट्रोल पंप, ईसीयू, इग्निशन मिळून ६०-७० वॅट, हॅलोजन ५५-६०, टेल आणि मीटर दहाएक, रेडिएटरचा पंखा सुरू झाला की आणखी ५० च्या घरात. १ एप्रिल २०१७ नंतरच्या गाडीत हेडलाइट बंदही करता येत नाही. म्हणजे १८०-१९० आधीच झाले. त्यात ८० टाकले तर धुक्यात दुसऱ्या गिअरवर उतरताना बॅटरीच खर्च होत राहते. २० वॅटचे दोन लावा, रिले आणि १० अँपियरचा फ्यूज टाकून, वेगळ्या स्विचवर. आणि अर्थ फ्रेमला नको, बॅटरीला.

अथणी_ऊन

सीरीज आरआर बसवायचा विचार असणाऱ्यांसाठी. शंटला दोन पर्याय आहेत. एक, शंटच पण मॉस्फेटचा (आत वेगळ्या प्रकारचे इलेक्ट्रॉनिक स्विच असलेला), उदाहरणार्थ शिंडेनगेन एफएच०२०. आत कमी तापतो, पण स्टेटर पूर्ण करंटवर चालतोच. दुसरा, सीरीज प्रकारचा, एसएच७७५ किंवा एसएच८४७. हा गरज नसताना करंट तोडतो, त्यामुळे आरआर आणि स्टेटर दोन्ही थंड राहतात. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये डांबर मऊ होतं तिथे हा फरक हाताला कळतो.

एसएच७७५ ३५ अँपियरचा, सिंगल सिलिंडरला पुरून उरतो. एसएच८४७ ५० चा, तो मोठ्या गाड्यांना. आकाराने दोन्ही मूळ आरआरपेक्षा मोठे, त्यामुळे जागा आधी मोजा. आउटपुट थेट बॅटरीला न्या, प्लसवर ३० अँपियरचा फ्यूज बॅटरीच्या जवळ. स्वस्त फ्यूज होल्डर इथेच वितळतो, जाड वायरीचा घ्या. मूळ हार्नेसमधली (गाडीच्या वायरींच्या जुडग्यातली) आरआरची लाल वायर रिकामी राहील, तिचं टोक उघडं ठेवू नका. ती बॅटरीला जोडलेली असते, फ्रेमला टेकली की शॉर्ट.

नावं छापलेले नकली तुकडे बाजारात भरपूर आहेत. स्वस्तात मिळाला म्हणून घेऊ नका. त्यापेक्षा कंपनीचा मूळ आरआर नीट जॉइंट करून जास्त टिकतो.

चोर्ला_धुकं

आरआर घाटातच गेला तर घरी कसं पोचायचं?

निपाणी_हायवे

दोन वेगळे प्रकार आहेत. चार्जिंग होत नसेल तर बॅटरीवर चालवायची. ८-९ अँपियर-तासाची बॅटरी, लोड १० अँपियर, म्हणजे कागदावर पन्नास मिनिटं, प्रत्यक्षात अर्धा तास धरा. फॉग बंद, दिवसा असेल तर हेडलाइटचा फ्यूज काढा, मधे गाडी बंद करू नका, कारण सेल्फ एकदम खूप ओढतो.

उलट, व्होल्टेज १५ च्या वर जात असेल, लाइट नको तेवढा पांढरा पडला, बल्ब फटाफट जातायत, सीटखालून ॲसिडचा वास येतोय, तर थांबा. इंजिन बंद करून पिवळ्यांचा प्लग सोडा, स्टेटरकडची तिन्ही टोकं वेगवेगळी टेपने गुंडाळा, मग बॅटरीवर चालवा. फुगलेली बॅटरी असेल तर चालवूच नका.

बॅटरी रात्रीत उतरते पण चार्जिंग बरोबर येतं, असाही एक प्रकार आहे. मीटर मिलिअँपियरवर, चावी बंद, बॅटरीच्या मायनसमध्ये सीरीजला. पाच-सातच्या आत पाहिजे. ५० दिसलं तर आरआरचा प्लग काढून परत बघा. आकडा पडला तर आतला डायोड गळतोय, मग मात्र आरआर बदला.

टिळकवाडी_ग्राहक

वॉरंटीत असलेल्यांनी एक लक्षात ठेवा: वायर कापण्याआधी जॉबकार्डवर लिहून घ्या. 'चार्जिंग प्रॉब्लेम' एवढं पुरत नाही. 'बॅटरीवर ५००० आरपीएमला इतके व्होल्ट, अर्थ ड्रॉप इतका, प्लग भाजलेला' असं लिहायला लावा, प्लगचा फोटो काढा, काढलेला आरआर परत मागा किंवा जमा केल्याची नोंद घ्या.

आपल्याकडे निम्म्या गाड्या कोल्हापुरातून घेतलेल्या असतात, राहणं मात्र बेळगाव-चिकोडीत. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, त्यासाठी कोल्हापूरला खेटे घालावे लागत नाहीत. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. ५ लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही. त्याआधी १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला नोंद करा, पुष्कळदा तिथेच मिटतं.

आणि दोष एकट्याचा नसून मॉडेलचा असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ११०अ खाली सरकार परत मागवण्याचा आदेश देऊ शकतं, सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी. त्यासाठी परिवहनच्या पोर्टलवर प्रत्येकाने आपापली नोंद केली पाहिजे. मॉडेलचं दुखणं सगळ्यांना ठाऊक आणि नोंद कुणाचीच नाही, अशाने काही हलत नाही.

खानापूर_पाऊस

अर्थ थेट बॅटरीला नेली, पिवळ्यांचे तिन्ही जॉइंट क्रिंप केले. आरआर तोच, जुना. ५००० ला १३.९, आयडलला १३.३. अर्थ ड्रॉप ०.०५. अर्धा तास चालवून जॉइंट हाताला कोमट लागतात, आधी प्लगला हात लावता येत नव्हता.

एक शंका. दुसऱ्या एका जुन्या गाडीत आरआरला सहावी बारीक वायर आहे, ती कसली?

तीन_पिवळ्या

ती सेन्सिंगची. चावीच्या स्विचमधून येते आणि आरआरला बॅटरीचं व्होल्टेज सांगते. स्विचचे पॉइंट झिजले की त्या वायरीवर बॅटरीपेक्षा कमी दिसतं. ०.७ कमी दिसलं तर आरआर तेवढं वाढवून बॅटरीला १५ द्यायला लागतो. म्हणून जुन्या गाडीत ओव्हरचार्जिंग दिसलं की आरआर काढण्याआधी चावी ऑन करून त्या बारीक वायरीपासून बॅटरीच्या प्लसपर्यंतचा ड्रॉप बघा. ०.२ च्या वर असेल तर स्विच उघडून पॉइंट साफ करा, नाहीतर ती वायर रिलेमधून थेट बॅटरीवर घ्या. रिलेशिवाय थेट घेऊ नका, चावी बंद असतानाही करंट ओढत राहील.